जॉन बॉइड डनलॉप : घोड्यांचा वैद्य आणि हवेचे चाक

आपल्या श्रीगोंदे तालुक्यात ज्याचे नाव रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असते, परंतु ज्याचे चरित्र शंभरांत एकासही ठाऊक नसेल, अशा एका गृहस्थाची हकीकत आम्ही यंदाच्या अंकात सांगणार आहो. काष्टीच्या जनावरांच्या बाजारास लोखंडी धावेऐवजी रबरी टायर लावलेल्या ज्या बैलगाड्या येतात, त्यांस आपले शेतकरी डनलॉप म्हणतात. कारखान्यास ऊस नेणारे गाडीवानही तेच म्हणतात. डनलॉप हे गाडीच्या एका जातीचे नाव असावे अशी पुष्कळांची समजूत आहे. कित्येकांस ते केवळ एका कंपनीचे नाव वाटते. वस्तुतः ते एका माणसाचे आडनाव होय, आणि तो मनुष्य ना सुतार होता, ना लोहार, ना इंजिनियर. तो घोड्यांचा डॉक्टर होता.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडातील एअरशायर परगण्यात ड्रेगहॉर्न नावाच्या खेड्यात ता. ५ फेब्रुवारी १८४० रोजी झाला. घराणे शेतकऱ्याचे. आपण दिवस भरण्यापूर्वी दोन महिने जन्मास आलो, अशी त्यांची समजूत होती, आणि त्यामुळे प्रकृतीस ते जन्मभर फार जपत असत. ज्या देहाविषयी इतकी धास्ती बाळगली, त्याने पुढे ८१ वर्षे साथ दिली ही गोष्ट वेगळी! शेतीच्या अंगमेहनतीपेक्षा विद्येकडे त्यांचा ओढा होता. एडिंबरो येथील डिक यांच्या पशुवैद्यक विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि अवघ्या १९व्या वर्षी परीक्षा उतरून ते पशुवैद्य झाले. काही वर्षे स्वदेशी धंदा केल्यावर १८६७ साली ते समुद्र ओलांडून आयर्लंडात गेले. १८७१ साली मार्गारेट स्टीव्हन्सन या बाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांस एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली. डाउनपॅट्रिक या गावी भावाच्या सोबतीने दवाखाना चालविल्यावर त्यांनी बेलफास्ट शहरी मे स्ट्रीटवर आपले बस्तान बसविले. त्या काळी शहरातील सारा व्यवहार घोड्यांच्या पाठीवर होता. म्हणून १८८५च्या सुमारास आयर्लंडातील मोठ्यात मोठ्या पशुवैद्यक दवाखान्यांत त्यांच्या दवाखान्याची गणना होऊ लागली.

याप्रमाणे त्यांच्या आयुष्याची ४७ वर्षे गेली. येथवरच्या चरित्रात असे काहीच नाही की ज्यासाठी एखाद्या मासिकाने त्यांच्याकरिता अर्धे पान खर्चावे. सुस्थितीतील, शांत स्वभावाचा, लांब दाढीचा एक प्रौढ वैद्य, एवढेच. परंतु आपल्या कामासाठी रबराची लहानसहान उपकरणे स्वतःच्या हाताने तयार करण्याची त्यांस सवय होती. रबर कसे कापावे, कसे चिकटवावे, ते किती ताण सोसते, हे त्यांच्या बोटांस ठाऊक होते. हे बोटांचे ज्ञान विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील साऱ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे.

त्यांचा मुलगा जॉनी हा त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होता आणि त्याच्यापाशी एक तीनचाकी सायकल होती. त्या काळच्या सायकलीच्या चाकास भरीव रबराची जाड वादी बसविलेली असे. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे, मधून ट्रामचे रूळ गेलेले. अशा रस्त्यावर भरीव चाकाने सायकल चालविणे म्हणजे खडखडाट सोसणे होय. ज्या मुलांनी खडी टाकलेल्या पण न दाबलेल्या रस्त्यावरून सायकल हाकली आहे, त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. पोराच्या हाडांस बसणारे हे धक्के कमी कसे करावे, आणि त्याची गाडी अधिक हलकी कशी पळेल, या विचारात बाप पडला.

१८८७च्या ऑक्टोबरात डनलॉप यांनी आपल्या घरच्या अंगणात पहिला प्रयोग केला. सुमारे एक गज व्यासाची लाकडाची एक गोल चकती त्यांनी घेतली. पातळ रबराची एक नळी स्वतः चिकटवून तयार केली, ती चकतीच्या कडेभोवती बसविली आणि वरून कापडाची पट्टी ताणून चुकांनी पक्की केली. फुटबॉलात हवा भरण्याच्या पंपाने त्या नळीत हवा भरली. मग जॉनीच्या सायकलीचे एक चाक काढून आणले आणि अंगणाच्या एका टोकापासून दोन्ही चाके, आधी एक व मग दुसरे, सारख्या जोराने लोटून दिली. भरीव रबराचे चाक अर्ध्या वाटेत डगमगून आडवे पडले. हवेचे चाक अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आदळले आणि तेथून उलट उडाले! नंतर त्यांनी सायकलीच्या मागील दोन्ही चाकांस तशाच हवेच्या नळ्या बसवून दिल्या, आणि १८८८च्या आरंभी एका रात्री जॉनी ती सायकल घेऊन रस्त्यावर गेला.

हवेचे चाक लांब का गेले, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ मुले समजतात की हवेमुळे चाक हलके होते. तसे मुळीच नाही. कठीण चाकाखाली सुपारीएवढा खडा आला तरी साऱ्या गाडीला वरच्या माणसासकट तेवढे उंच चढावे लागते आणि लगेच खाली आदळावे लागते. या चढउतारात जी शक्ती जाते ती धक्क्याच्या व आवाजाच्या रूपाने वाया जाते. हवेच्या चाकाखाली तोच खडा आला, तर रबर तेवढ्या जागी आत दबते व खड्यास पोटात घेते. गाडी जवळजवळ सपाटीवरच चालते. खडा मागे पडताच दबलेली हवा रबरास पुन्हा बाहेर लोटते आणि घेतलेल्या शक्तीचा पुष्कळसा भाग परत देते. एका जोडीच्या बैलांस लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा रबरी चाकाच्या गाडीत अधिक ऊस ओढता येतो, त्याचे हेच कारण. गाडीचा हिसका बैलाच्या मानेवर कमी बसतो हाही लाभ लहान नव्हे. जनावरांची दुखणी बरी करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या युक्तीने असंख्य बैलांच्या माना वाचाव्यात, यात आम्हांस देवाची काही योजना दिसते.

डनलॉप यांनी ता. २३ जुलै १८८८ रोजी पेटंटासाठी अर्ज केला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांस ते मिळाले. (योगायोग असा की याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींचे दुकान थाटून आपल्या उद्योगाचा पाया घातला.) परंतु पेटंट मिळाले म्हणून लोकांचा विश्वास बसतो असे नाही. त्या फुगीर चाकांची लोक थट्टाच करीत. ही थट्टा बंद पाडली ती विली ह्यूम नावाच्या एका सायकलपटूने. ता. १८ मे १८८९ रोजी बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजच्या क्रीडासामन्यांत तो हवेच्या चाकांची सायकल घेऊन उतरला. प्रेक्षक हसले. शर्यती चार होत्या. ह्यूम चारही जिंकला. थोड्याच दिवसांनी लिव्हरपूलासही त्याने एक वगळून सर्व शर्यती मारल्या. त्याने ज्यांस मागे टाकले त्यांत हार्वे द्यू क्रो या डब्लिनच्या कागदाच्या व्यापाऱ्याचे पुत्र होते. पुत्रांचा पराभव पाहून बाप रागावला नाही. त्याने त्या चाकांविषयी चौकशी आरंभिली. व्यापारी म्हणतात तो असा! त्याच वर्षाच्या अखेरीस द्यू क्रो यांच्या पुढाकाराने डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट तीस दिले आणि बदल्यात १,५०० भाग घेतले.

आता चरित्राचा कठीण भाग येतो. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच डनलॉप यांस असे कळविण्यात आले की, तुमचे पेटंट कायद्याने टिकत नाही; हवेच्या चाकाची कल्पना तुमच्या पूर्वीच दुसऱ्याने नोंदविली आहे. तो दुसरा मनुष्य रॉबर्ट विल्यम टॉमसन हा होता. तोही स्कॉटलंडचाच, स्टोनहेवन गावचा. त्याने १८४५ साली, वयाच्या २३व्या वर्षी, हे पेटंट इंग्लंडात घेतले होते व पुढील दोन वर्षांत फ्रान्स आणि अमेरिका येथेही घेतले होते. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तीवर चामड्याचे कवच अशी त्याच्या चाकाची रचना होती. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने घोडागाडीस ती चाके लावून दाखविली. चाकांचा एक संच १,२०० मैल चालला असे सांगतात. परंतु तेव्हा सायकल निघावयाची होती, रबर महाग होते, आणि घोडागाडीच्या मालकांस त्याची गरज भासली नाही. टॉमसनने स्वतःच पुढे भरीव रबराची कास धरली. १८७३ साली तो वारला. त्याचे हवेचे चाक लोक इतके विसरले की डनलॉप यांच्या अर्जाच्या वेळी कचेरीतील कोणासही त्याची आठवण झाली नाही.

डनलॉप यांनी चोरी केली काय? मुळीच नाही. टॉमसनचे नावही त्यांनी ऐकले नव्हते, हे सर्वमान्य आहे. मग मान कोणाचा? आमचे मत असे आहे की कल्पनेचा मान निःसंशय टॉमसनचा, आणि ती कल्पना जगाच्या उपयोगी पाडण्याचा मान डनलॉप यांचा. दोघांपैकी एकाची थोरवी सांगण्यासाठी दुसऱ्यास लहान करण्याचे कारण नाही. आमच्या शाळेतील मुले प्रश्नपत्रिकेत टायरचा शोध कोणी लावला याचे उत्तर एका शब्दात लिहितात; त्यांनी यापुढे दोन नावे लिहिली तरी परीक्षकाने गुण कापू नयेत असे आम्हांस वाटते.

कंपनी बुडाली नाही, याचे श्रेय द्यू क्रो यांच्या धूर्तपणास आहे. डनलॉप यांच्या मूळ टायरात एक मोठी खोट होती. तो चाकास कायमचा चिकटविलेला असे; आत काटा गेला म्हणजे सारे सोडवून, भोक बुजवून पुन्हा चिकटवावे लागे. १८९० साली वेल्च या इंग्रजाने टायरच्या कडांत तारेचे कडे घालून तो खोलगट रिमेत बसविण्याची तोड काढली, आणि बार्टलेट या एडिंबरोवासी अमेरिकनाने टायरची कड रिमेच्या वळणात अडकविण्याची दुसरी युक्ती शोधिली. ही दोन्ही पेटंटे द्यू क्रो यांनी विकत घेतली. आपल्या साध्या सायकलीचा टायर पंक्चरवाला दोन पट्ट्यांनी उचकटून काढतो, ती सोय वेल्चची. ट्यूबच्या ज्या व्हॉल्व्हला पुष्कळ देशांत डनलॉपचे नाव आहे, तोही मूळचा वुड्स या गृहस्थाचा. एका माणसाच्या नावाखाली किती जणांची कामे झाकली जातात, त्याचा हा नमुना आहे.

काट्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर करतो. आमच्या वाचकांचा या गोष्टीशी रोजचा संबंध आहे. काष्टीच्या आसपास बांधावरून सायकल घातली की बाभळीचा काटा नाही तर सराटा हा ठरलेला. यावरचा आजचा उपाय म्हणजे ट्यूबच काढून टाकणे. मोटारीसाठी बिनट्यूबचा टायर अमेरिकेतील गुडरिच कंपनीने १९४७ साली पुढे आणला. डोंगरी सायकलीसाठी, ज्यांस मुले माउंटन बाइक म्हणतात, मॅव्हिक या फ्रेंच कंपनीने त्याची पद्धत १९९९ साली बसविली. आता हौशी मुले हा बदल घरीच करतात. वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांनी ओसरीवर बसून तो केलेला आम्ही पाहिला, आणि डनलॉप यांच्या अंगणाची आठवण झाली.

त्याची रीत अशी. रिम व टायर दोन्ही बिनट्यूबच्या जातीचे असावे लागतात. कोणत्याही जुन्या चाकावर हा खेळ करू नये, कारण कड सुटली तर इजा होते. रिम आतून स्वच्छ पुसून आऱ्यांची भोके झाकली जातील अशी चिकटपट्टी ताणून एक-दोन फेरे गुंडाळावी. पट्टीत सुरकुती राहिली की तेथून हवा गेलीच म्हणून समजावे. व्हॉल्व्हच्या जागी बारीक भोक पाडून रबरी बुडाचा व्हॉल्व्ह बसवावा व वरून चक्की हाताने आवळावी. टायर चढवून, व्हॉल्व्हचा गाभा काढून, आत रबराच्या चिकाचे औषध घालावे. चाकाच्या मानाने साठपासून शंभर-सव्वाशे मिलिलिटर पुरते. कडांस साबणाचे पाणी लावून एकदम जोराची हवा सोडावी. साध्या हातपंपाने हे बहुधा साधत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची मदत घ्यावी. कड आपल्या जागी बसताना टक् टक् असा आवाज येतो, तो ऐकून भिऊ नये. मात्र टायरवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे हवा कधीही भरू नये. नंतर चाक हालवून चारी बाजूंनी आडवे ठेवावे, म्हणजे औषध सगळीकडे पोचते. पुढे काटा शिरला तर चीक त्या भोकाकडे धावतो व बाहेरची हवा लागताच घट्ट होऊन भोक बुजवितो. आपल्या उन्हाळ्यात ते औषध लवकर वाळते, म्हणून दोन-चार महिन्यांनी पुन्हा घालावे लागते. मोठ्या भोकावर मात्र याची मात्रा चालत नाही, म्हणून सुज्ञ मुलगा एक ट्यूब दप्तरात ठेवतो.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १८९५ साली डनलॉप यांनी कंपनीचा संबंध सोडला व आपले भागही विकून टाकले. पुढच्याच वर्षी, १८९६त, द्यू क्रो यांनी ती कंपनी हूली नावाच्या सट्टेवाल्यास ३० लक्ष पौंडांस विकली आणि त्याने ती लागलीच ५० लक्ष पौंडांची म्हणून बाजारात मांडली. या घबाडातून डनलॉप यांच्या हाती काही आले नाही. ते डब्लिनमध्ये कापडाच्या एका व्यापारात लक्ष घालून राहिले. दरिद्री झाले असे नव्हे. पण ज्यांचे नाव जगभर फिरले त्यांच्या वाट्यास त्या संपत्तीचा अगदी लहान भाग आला. संपूर्ण कंपनी मात्र त्यांच्याच नावाने वाढत गेली. आपल्या देशातही बंगाल्यात हुगळीकाठी साहागंज येथे १९३६ साली तिचा मोठा कारखाना निघाला. तो आता बंद आहे.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हवेच्या चाकाने रबराची जी भूक उत्पन्न केली, ती भागविण्यासाठी आफ्रिकेतील काँगो देशात अमानुष प्रकार घडले. १८८५ पासून १९०८ पर्यंत तो देश बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा होता. रानातून ठरलेले रबर आणले नाही म्हणून गावेच्या गावे जाळली गेली, माणसे मारली गेली व त्यांचे हात तोडले गेले. हे पाप जगापुढे मांडणाऱ्यांत मिशनरी पुढे होते. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी १९०४ साली घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: आपल्या लहान मुलीचा तोडलेला हात व पाय पुढे ठेवून एक बाप ओट्यावर बसला आहे. त्याच वर्षी रॉजर केसमेंट या आयरिश अधिकाऱ्याचा अहवाल छापून निघाला, आणि मोठ्या चळवळीनंतर १९०८ साली राजाचा ताबा संपला. या अत्याचारांशी डनलॉप यांचा स्वतःचा काही संबंध नव्हता. तथापि बेलफास्टच्या एका बापाने मुलाच्या सुखासाठी केलेल्या चाकाची गोष्ट सांगताना काँगोच्या त्या बापास वगळणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

वृद्धपणी डनलॉप यांस एका निराळ्याच गोष्टीचे दुःख झाले. कंपनीस पूर्वी त्यांनी आपल्या चेहऱ्याचे चित्र व सही व्यापारी खूण म्हणून वापरण्यास दिली होती. कंपनीने पुढे जाहिरातींत त्यांचे मस्तक एका नटव्या माणसाच्या धडावर बसविले. उंच टोपी, पांढरे जाकीट, हातात छडी व चष्म्याचे भिंग, असा थाट! ज्या मनुष्याने आयुष्यभर साधे कपडे घालून घोड्यांच्या पागांत काम केले, त्यास ही विटंबना सहन झाली नाही. पैशासाठी ज्यांनी कंपनीशी कधी मोठे भांडण केले नाही, त्यांनी आपल्या चेहऱ्यासाठी आयर्लंडच्या न्यायालयात तिच्यावर फिर्याद लावली. इंग्लंडातील कंपनीवर आयर्लंडात दावा चालतो की नाही, या मुद्द्यावर तो वाद लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने आपलेच आडनाव धारण करणाऱ्या प्रतिपक्षाशी भांडावे, असा तो विलक्षण खटला कायद्याच्या पुस्तकांत डनलॉप विरुद्ध डनलॉप रबर कंपनी या नावाने नोंदलेला आहे.

ता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात त्यांचे देहावसान झाले व डीन्सग्रेंजच्या स्मशानभूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे उत्तर आयर्लंडातील नॉर्दर्न बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. त्यात तोच लांब दाढीचा वैद्य दिसतो.